शालूची कॅसेट

शालू, ती कॅसेट माळ्यावर नाही. कधीच नव्हती. "माळ्यार असतली गो, सवड झाली की काढतंय," असं मी तुला सतरा वेळा सांगितलं, ते सतराही वेळा खोटं होतं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढे लिहायला धीर व्हायचा नाही. आणि तू म्हणशील, वैनीने निबंध बरा लिहिला, पण मुद्दो खंय आसा?

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. बारावं-तेरावं उरकलं. आरोंद्याच्या तुझ्या घरातून पाहुणे पांगले, अंगणातल्या भाड्याच्या खुर्च्या गेल्या. पेपरात तुझा फोटो आला, त्याच्याखाली "मनमिळाऊ स्वभावाच्या" असं छापलंय. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मनमिळाऊ? तू? चाळीस वर्षं तू माझी नणंद होतीस आणि या चाळीस वर्षांत आपली एक चतुर्थी भांडणाशिवाय पार पडली नाही. बरं, भांडण तरी कशावरून? जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही, सासूबाईंनी कुणाला किती साड्या दिल्या यावरून नाही. लोक हसायचे आपल्याला. "हेंचो झगडो कित्यावरसून? तर म्हणे गाण्यावरसून!"

ज्यांना आपण दोघी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वासू मास्तर आमच्या मालवण तालुक्यातले. शाळेत मास्तर होते, माझ्यासारखेच प्राथमिकचे, पण पाढ्यांपेक्षा त्यांनी गाणी जास्त शिकवली. मालवणीत साठ-सत्तर गाणी लिहिली, चाली स्वतःच लावल्या. आमच्याकडे लग्नात, बारशात, चतुर्थीत, अगदी निवडणुकीच्या रिक्षावरसुद्धा त्यांची गाणी वाजली आहेत. पण खरं गाणं एकच, 'पेज निवली'. नवरा परगावी, बायको रात्रीची पेज वाढून बसलेली. "पेज निवली, निवली रे, वाटेर कोण दिसना." तीन कडवी तेच दुःख, आणि शेवटची ओळ फक्त तीन शब्दांची. "निवली तर निवली."

या तीन शब्दांवर तू आणि मी जन्म काढला.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत मास्तरांची स्वतःच्या आवाजातली कॅसेट होती. ती एकच निघाली त्यांची. सुरुवातीला खोकतात, मग पेटीचा एक सूर धरतात आणि शाळेत कविता सांगावी तसं सांगत जातात. आवाज बसका. शेवटच्या ओळीला असे खाली उतरतात की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. मी तुला ती मोठ्या कौतुकाने ऐकवली. तू तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ओट्यावर पाय सोडून बसली होतीस, ऐकलंस आणि म्हणालीस, "बरा आसा. पण मास्तर बायल नाय ना, तेंका काय ठाऊक?"

झालं! तिथून जी जुंपली ती तुझं लग्न होऊन तू आरोंद्याला गेलीस तरी थांबली नाही. उलट वाढली, कारण आरोंदा म्हणजे खाडी ओलांडली की गोवा. बांद्याच्या बाजारात एक कॅसेटवाला होता, त्याच्याकडे गोव्याच्या बँडने वाजवलेली मास्तरांची गाणी मिळायची. माहेरी येताना तू माझ्यासाठी गुळाचं खाजं आणायचीस आणि एक कॅसेट. गोव्याच्या 'पेज निवली'त तुतारीसारखा ट्रंपेट, गिटार, मागे बायका "हो हो" करतायत. मी म्हटलं, "शालू, हिचो घोव येवक नाय आणि ही नाचता?" तू म्हणालीस, "मगे काय करूचा? रडान पेज गरम होता काय?" आणि पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात नाचलीस. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "शिरा पडो तुमच्या गाण्यार!"

मग मुंबईच्या ऑर्केस्ट्राची आली. मोठ्या गायिका, मोठं नाव, संतूर, सतार, पंधरा व्हायोलिनं. त्यांनी आमची मालवणी धुऊन इस्त्री करून टाकली होती. प्रत्येक शब्दाला एक मुरकी. त्या वेळी मात्र तुझं नि माझं एकमत झालं, आणि ते इतकं दुर्मीळ होतं की मी तारीख लिहून ठेवायला हवी होती. तू म्हणालीस, "वैनी, ही पेज नाय गो, ही बासुंदी." पुढे आपण त्या आवृत्तीला बासुंदीच म्हणत राहिलो.

भजनीबुवांचीही होती. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, एका बुवांनी मास्तरांची चाल उचलून तिच्यावर गजर बसवला, पेजेच्या जागी पांडुरंग आला. समोरची पार्टी म्हणे गप्प झाली. तुला ते मुळीच आवडलं नव्हतं. मला आवडलं होतं, कारण पखवाज सुटला की अंगावर काटा यायचा. तू म्हणालीस, "देवाक कित्याक मध्ये हाडतत? देवान खंय कोणाची पेज गरम केल्यान?" अशी बोलणारी बाई, आणि पेपरवाले म्हणतात मनमिळाऊ.

अलीकडचं म्हणजे ते यूट्यूबवरचं. कॉलेजातली चौघं तोंडवलीच्या वाळूत बसून गिटार घेऊन गातायत, वरून कॅमेरा उडतोय, सुरूची झाडं दिसतायत. आवाज असा की शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे आणि त्याला जाग येता कामा नये. मी तुला ते पाठवलं. तुझं उत्तर आलं ते बोलून पाठवलेलं, "वैनी, ह्यांनी जेवान घेतल्यानी काय आधी? काय अशक्त म्हणतत!" रिक्षात बसले होते मी. एकटीच खोखो हसले.

आता मुद्द्यावर येते.

ती गौरीची दुपार. तुझ्या लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. भावोजी जहाजावर, दहा-दहा महिने यायचे नाहीत. पत्र यायचं, त्यात बंदराचं नाव असायचं आणि "मी ठीक आहे". तू माहेरी आली होतीस. सकाळी भजनी मंडळ येऊन गेलं होतं आणि पुढच्या घरी निघताना सर धरून आली, म्हणून त्यांनी पेटी आपल्याकडेच ठेवली, पावसात भिजायला नको. पुरुष जेवून आडवे झाले होते. आपण बायका माटोळीखाली बसलो होतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतो ती फळाफुलांची चौकट, त्या वर्षी ती मीच बांधली होती आणि एक नारळ सुटून गणपतीच्या पुढ्यात पडला होता, म्हणून सगळ्या माझी टिंगल करत होत्या. आपल्याकडे बायका फुगडीची गाणी म्हणतात, आरतीत आवाज मिसळतात, पण मंडळाच्या पेटीला हात लावत नाहीत. तू लावलास. भाता उघडलास, एक पट्टी दाबलीस आणि 'पेज निवली' म्हटलंस.

मी टेप चालू केला. आरती रेकॉर्ड करायला तुझ्या दादांनी मुंबईहून आणलेला टेप तिथेच कोनाड्यात होता, कॅसेटची एक बाजू आरतीने भरली होती, दुसरी कोरी होती.

तू कसं म्हटलंस ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या कडव्यात तू मध्येच थांबलीस, जिथे कुणीच थांबत नाही तिथे. "वाटेर" म्हटलंस आणि श्वास घेतलास, आणि मग "कोण दिसना". त्या श्वासात सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, शपथेवर सांगते. आणि शेवटच्या ओळीला तू खाली उतरली नाहीस. चढलीही नाहीस. टोपावर झाकण ठेवावं तसं "निवली तर निवली" म्हटलंस आणि पेटीचा भाता बंद केलास. धाकट्या जाऊबाई डोळे पुसायला लागल्या. तू म्हणालीस, "रडतंस कित्याक? ती रडना नाय. ती जेवता."

आणि मी काय म्हटलं? मी मास्तरीण. मी म्हटलं, "चाल बरी धरलंस. पण शेवटाक मास्तर खाली उतरतत, तू उतरूक नाय. ता चुकला."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग केसांतली पिन काढलीस आणि कॅसेटच्या कडेचे ते दोन बारीक पापुद्रे मोडलेस. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, हे आजच्या मुलांना सांगायला लागेल. "आता कोणाचो बापूस इलो तरी पुसूक गावूचा नाय," म्हणालीस आणि कॅसेट माझ्या हातात दिलीस. तुझ्या घरी टेप नव्हता. म्हणून ती माझ्याकडे राहिली. विश्वासाने ठेवायला दिली असं मी म्हणणार नाही, तू तसलं काही बोलायची नाहीस. पण दिली होतीस.

तीन-चार वर्षांनी मास्तर गेले. शाळेत मधल्या सुट्टीत कळलं. घरी आले तर रेडिओवर सांगत होते, थोड्याच वेळात मास्तरांना श्रद्धांजली, 'पेज निवली' ऐकवणार. मला वाटलं, मास्तरांच्या आवाजात. दुसऱ्या कुणाच्या आवाजात असेल हे मनातही आलं नाही. माझी मास्तरांची कॅसेट तोपर्यंत झिजून तिच्यातून नुसती खरखर यायची. मी कपाट उघडलं. शाळेच्या प्रार्थनेची कॅसेट होती, ती मुख्याध्यापकांची. आणि तुझी होती.

शालू, इथे मी खोटं बोलू शकते. घाईत हाताला लागली म्हणू शकते. अंधार होता म्हणू शकते. पण संध्याकाळचे सहा वाजले होते, लख्ख उजेड होता आणि कॅसेटवर तुझ्याच अक्षरात "शालू, गौरी" लिहिलेलं मी वाचलं. वाचून विचार केला. शालू काय, पुढच्या चतुर्थीला परत म्हणेल. मास्तर काही परत यायचे नाहीत. असा मीच मला कौल दिला. दुसऱ्या बाजूची आरती पुसायला मन धजेना, आणि फीत पुढे फिरवून कोरी जागा शोधण्याचे कष्टही मी घेतले नाहीत. तू मोडलेल्या त्या दोन भोकांत मी मुलांच्या उत्तरपत्रिकेचा कागद चुरगळून कोंबला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

रेडिओवर लागली बासुंदी.

पंधरा व्हायोलिनं सुरू झाली आणि मला कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा झटकन बंद करायला हवं होतं. मी उभी राहिले. आता मास्तरांचं लावतील, आता लावतील, म्हणून पूर्ण गाणं संपेपर्यंत तशीच टेपापाशी उभी. तुझ्या गाण्याएवढीच त्याची लांबी होती, वर थोडं निवेदन. सगळं गेलं. मागून पुढून शंभर वेळा फिरवून पाहिलं. एक अक्षरसुद्धा उरलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? तू चार शिव्या दिल्या असत्यास, दोन चतुर्थ्या बोलली नसतीस, मग बांद्याहून एखादी कॅसेट घेऊन आली असतीस. मी पुढच्या चतुर्थीची वाट पाहत बसले. म्हटलं, परत म्हणायला लावू, गुपचूप भरू, हिला कळणारही नाही. पण त्याच वर्षी तुझ्या गळ्याची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आवाज मात्र तो राहिला नाही. घोगरा झाला, लांबवला की तुटायचा. तू त्याचंही काही वाटून घेतलं नाहीस. "आता मी मास्तरांसारखी म्हणतंय, तुका बरा," म्हणालीस मला. मी हसले.

त्यानंतर तू गाणं म्हटलं नाहीस. कुणी आग्रह केला की सांगायचीस, "वैनीकडे आसा माझी कॅसेट. ता ऐका." भावोजी जहाज सोडून घरी आले, पाठ धरली त्यांची, दिवसभर खुर्चीत. तू म्हणायचीस, "आता कोणाची वाट बघू? समोरच बसलो आसा. पेज गरमच देवची लागता." आणि दर चतुर्थीला, निघायच्या वेळी, पिशवी उचलताना, जणू आत्ता आठवलं, "वैनी, ती कॅसेट गावली?"

शोधतंय गो. माळ्यार असतली. उंदरांनी काय ठेवल्यानी आसा की नाय देवाक ठाऊक. एकदा तर मी माळा आवरल्याचं नाटक केलं आणि अंगावर धूळ घेऊन तुझ्यासमोर आले. आणि मी आयुष्यभर शाळेत "खरं बोला" म्हणून शिकवणारी बाई.

तुझ्या भावाच्या वेळचंही लिहायला हवं. दादा गेले त्याला सहा वर्षं झाली. तू आरोंद्याहून आलीस आणि महिनाभर राहिलीस. मी पाच दिवस पोटात काही घेतलं नव्हतं. सगळ्या येऊन समजूत काढत होत्या, तू काढली नाहीस. सहाव्या दिवशी सकाळी, सुतकात, तू मोबाईलवर ती गोव्याची ट्रंपेटवाली लावलीस, दारं-खिडक्या उघड्या, मोठ्याने. शेजारीण धावत आली. तू तिला म्हणालीस, "दादाक ह्याच आवडायचा, तुका ठाऊक नाय तर गप रव." मग माझ्यासमोर पेजेचं ताट ठेवलंस, बाजूला लोणच्याची फोड, आणि म्हणालीस, "ऊठ. निवता."

मला तुझा असा संताप आला होता की सांगता सोय नाही. त्या संतापातच पहिला घास गेला. मग दुसरा गेला. ट्रंपेट वाजत होता, तू दारात पाठमोरी उभी होतीस, आणि मी जेवत होते. त्या दिवशी मला ते तीन शब्द कळले. तू माटोळीखाली बसून म्हटले होतेस ते बरोबर होते. ती बाई रडत नाही. तिने ताट पुढे ओढलंय. मास्तरांनी लिहिलं, पण त्यांना ते कळलं नव्हतं, ते खाली उतरून रडत बसले. तुला कळलं होतं, तिशीच्या आतच. मला साठीला आल्यावर कळलं, तेही तू वाढलंस म्हणून. आणि तरीही ताट संपवून मी काय म्हटलं असेल? "लोणच्यात मीठ जास्त झाला."

गेल्या महिन्यात गोव्याच्या हॉस्पिटलात तुला भेटायला आले. हृदयाचं दुखणं, डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. तू नाकातली नळी सरकवून म्हणालीस, "वैनी, आता तरी माळो झाड." मी म्हटलं, "येत्या आयतवारी." गुरुवारी तू गेलीस.

काल रेश्मा आली होती. तुझी लेक तुझ्यासारखी नाही, पुष्कळ शांत आहे, पण चालते तशीच, पाय आपटत. तिच्या शाळेतल्या एका बाईंकडून चालू असलेला टेप मागून आणला होता. मोबाईलमध्ये तुझं काय काय जपून ठेवलंय ते तिने मला ऐकवलं. "गॅसवालो इलो काय?" "भाजयेत मीठ घालूक विसरा नको." "बाबांची गोळी हिरव्या डब्यात आसा." सगळा तो घोगरा आवाज. ती म्हणाली, "मामी, माका आईचो खरो आवाज ठाऊकच नाय. मी शाळेत जावक लागलंय त्याच्या आदीच तो गेलो. आई म्हणायची, मामीकडे आसा." आणि पडवीतली शिडी आणून माळ्याला लावली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू फक्त खाली शिडी धर."

दोन पायऱ्या चढलीसुद्धा. मी शिडी धरून उभी. अजून एक खोटं पुरलं असतं, शालू. तिने दोन तास माळा उलटापालटा केला असता, खाली येऊन "गावली नाय" म्हणाली असती आणि विषय संपला असता. मी म्हटलं, "रेश्मा, उतर गो. थंयसर काय एक नाय."

शिवणाच्या डब्यातून कॅसेट काढली. तुझं अक्षर अजून आहे तिच्यावर. भोकांत कोंबलेला तो कागदही आहे, मी कधी काढला नाही. मग सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच, कमी-जास्त न करता. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "इतकी वर्सां तू आयेक शोधतंय म्हणान सांगीत रवलंस? हॉस्पिटलातसुद्धा?" मी होय म्हटलं. ती उठून पडवीत गेली. मी आत बसून राहिले. ती गेली ती परत येणार नाही, असं मी मनात धरूनच ठेवलं होतं. मी त्याच लायकीची होते.

बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल होते. टेप लावला. आधी बासुंदी ऐकली, पूर्ण. "ह्याच्यासाठी?" एवढंच म्हणाली. मग दुसरी बाजू लावली, आरतीची. त्यात तू आहेस, पण आणखी दहा-बारा जणींत, शिवाय झांजा. रेश्मा स्पीकरला कान लावून बसली. "ही आई?" मी म्हटलं, असेल. मग म्हटलं, नाही, ती बहुतेक मीच. दोघींनाही नक्की काही सांगता येईना. तिने टेप बंद केला.

"मगे तूच म्हण," म्हणाली.

"मी? माझ्या बापजन्मात मी म्हटलंय काय?"

"दुसऱ्यांका नावा ठेवूक बरा येता तुका. आई कशी म्हणायची ता तुझ्याशिवाय आता कोणाक ठाऊक आसा?"

जाऊबाई गेल्या, सासूबाई गेल्या, दादा गेले. त्या दुपारची मी एकटीच उरलेय. आयुष्यभर मी गाण्यांना नावं ठेवली, मास्तरांची बाजू घेतली, आणि स्वतः चारचौघांत एक ओळ म्हटली नाही, चुकेन या भीतीने. रेश्माने मोबाईल टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसली.

म्हटलं मी. पहिल्या ओळीलाच आवाज फाटला. परत सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात "वाटेर"पाशी थांबून श्वास घेतला, तू घेतलास तिथेच, आणि रेश्माने दाराकडे पाहिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग मला पुढे म्हणणं जड गेलं, तरी म्हटलं. शेवटच्या ओळीला मी खाली उतरले नाही. झाकण ठेवलं.

रेश्माने नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "आई अशीच म्हणायची?"

"नाय गो," मी म्हटलं, "ती खूप बरी म्हणायची. मास्तरांपेक्षा बरी. सगळ्यांत बरी तीच म्हणायची."

"ह्या तिका सांगितलंस कधी?"

"नाय. चुकला म्हणान सांगितलंय."

आणि मग मी रडले, शालू. मोठ्याने रडले, मास्तरीणबाईंना शोभणार नाही असं, आणि तुझ्या लेकीने मला थांबवलं नाही. रडून झाल्यावर तिने मोबाईल उचलला. तो अजून चालूच होता. गाणं, त्याच्यापुढचं आमचं बोलणं, माझं रडणं, सगळं त्यात गेलं होतं. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "मामी, गाण्याच्या फुडचा पुसून टाकू?"

मी म्हटलं, "नको. आता काय एक पुसू नको."